दुपारचं विमान

मुलीची बॅग कॅप्टनने गाडीच्या डिकीतून काढली आणि परत फाटकाच्या आत नेऊन ठेवली. मुलगी कडेवरच्या बाळाला टोपी घालत होती. तिचा हात थांबला.

"बाबा, काय झालं?"

"तुम्ही संध्याकाळच्या विमानाने जा. दुपारी हवा बरी नाही. पिल्लूला त्रास होईल."

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पण हवेवरून बापाशी कोण वाद घालणार, असं म्हणत हसतच ती आत गेली. पायरीवर उभी असलेली तिची आई हसली नाही. लेकीने प्रवास करायचा तो आपण उडवत असलेल्याच विमानाने, हा कॅप्टनचा आजवरचा हट्ट. मी असताना दुसऱ्याच्या भरवशावर कशाला, म्हणायचा. बायको गाडीपर्यंत आली आणि ड्रायव्हरला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"आणि बाकीची माणसं?"

त्याने दार ओढून घेतलं.

गेल्या आठवड्यात विमान खाली उतरवताना समोरच्या पडद्यावरचे आकडे त्याला दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. शेजारचा सहवैमानिक "सर, उंची... सर!" म्हणत होता आणि तो आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. मग त्या पोरानेच विमान सावरलं. थकवा असेल, असं दोघांनी ठरवलं आणि विषय तिथेच मिटवला. घरी त्याने यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. पण लवकर निवृत्ती घ्या, असं बायको वर्षभर मागे लागून सांगत होती. तिला काय दिसलं होतं, हे त्याने कधी विचारलं नाही.

निवृत्ती घेऊन करायचं काय? त्याचा जुना दोस्त मुदतीआधी बाहेर पडला होता. पहिले काही दिवस मजेत गेले, मग तो घरातल्यांना हुकूम सोडू लागला, मग गप्पच झाला. आता रोज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून विमानतळाच्या कुंपणाबाहेर गाडीत बसून असतो. खाली उतरलास की परत वर कुणी घेत नाही, गड्या, असं तो म्हणाला होता. दुसऱ्या कंपनीत गेलं, तर तिथे ज्येष्ठता शून्यापासून. आणि जमिनीवरचं कुठलंही काम कॅप्टनला कधी आलंच नव्हतं. घरातसुद्धा सगळे त्याला कॅप्टनच म्हणत. बायकोही, रागावली की.

कॉकपिटमध्ये शेजारी तोच सहवैमानिक होता. त्याने नमस्कार केला, पण नजरेला नजर दिली नाही. आज कामांची यादी तो नेहमीपेक्षा सावकाश वाचत होता, आणि कॅप्टनच्या प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या बोटांकडे बघत होता.

मागून प्रवासी चढत होते. कुणाचं तरी मूल रडत होतं. हवाईसुंदरीने आत डोकावून पाहिलं. घरचं माणूस आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

"सर, मॅडम आल्यात. शेवटच्या क्षणी घरच्यांच्या पासवर जागा मिळाली त्यांना. तिसऱ्या रांगेत बसल्यात."

"एकट्याच?"

"हो. सामानही काही नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या, पण मला राहवलं नाही."

ती गेली. सहवैमानिक यादीतल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवून थांबला होता. बाहेर शिडी मागे सरकवण्यासाठी एक माणूस इशाऱ्याची वाट बघत होता. कॅप्टनने कानावरचा हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"दुसरा कॅप्टन मागवून घे," तो म्हणाला. "कारण विचारलं तर खरं ते सांग. त्या दिवसाचंही."

सहवैमानिकाने रेडिओकडे हात नेला.

कॅप्टनने खांद्यांवरून आलेले सीटचे पट्टे सोडले आणि उठून तो केबिनमध्ये आला. प्रवासी त्याच्याकडे आदराने बघत होते. एका म्हातारबांनी हातसुद्धा जोडले. तिसऱ्या रांगेत बायको खिडकीशी बसली होती. पट्टा घट्ट आवळलेला, डोळे मिटलेले. तो शेजारच्या सीटवर बसला. ती दचकली, त्याच्याकडे पाहत राहिली, आणि मग तोंडावर पदर दाबून रडू लागली.

"कॅप्टन कधी येणार?" मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

"येतील इतक्यात," तो म्हणाला.