रद्दीत आलेल्या गुलाबी फायली

आमच्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी गल्ली हेडबाई म्हणते. आयुष्यात एक दिवसही त्यांनी शाळेत शिकवलेलं नाही. पण रद्दीच्या पिशवीत कुणी प्लॅस्टिक कोंबलं, की ती पिशवी त्याच्याच दारात उलटी करून येतात, म्हणून हे नाव. गल्लीच्या टोकाला असलेल्या एका रिकाम्या गॅरेजमध्ये आम्ही बायका घरोघरची रद्दी गोळा करतो, निवडतो आणि कागद कारखान्याला देतो. त्यावर आमचं वाचनालय चालतं.

मोठ्या रस्त्यावरच्या कौटुंबिक सल्ला कार्यालयातून फोन आला, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! कार्यालय नव्या इमारतीत गेलं होतं आणि जुने कागद ते आम्हाला देणार होते. टेम्पोभर पोती आली. जाऊबाईंनी पहिल्याच पोत्याची सुतळी कापली आणि आतून गुलाबी फायली घसरून जमिनीवर पसरल्या. प्रत्येकीवर बाईचं नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव. एकीतून फोटो बाहेर आला होता. सुजून बंद झालेला डोळा.

"बंद करा ते पोतं," शिवणवाली म्हणाली.

ही आमच्यातलीच. निम्म्या गल्लीचे पडदे आणि उशांचे अभ्रे तीच शिवते. जिभेची तिखट, हसायला लागली की थांबत नाही. तिचा नवरा बाहेरगावी असतो, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आता ती भिंतीला टेकून उभी होती.

"यात माझीही असेल," ती म्हणाली. "तिथल्या टेबलावरच्या बाईनं मला पाणी दिलं होतं. म्हणाली होती, इथलं बोलणं या चार भिंतींबाहेर जायचं नाही. म्हणून तर सगळं सांगितलं. आईलासुद्धा सांगितलं नव्हतं मी."

तेवढ्यात माझं लक्ष समोरच्या दुकानाकडे गेलं. हार्डवेअरवाला गिऱ्हाइकाला स्क्रू बांधून देत होता, आणि पुडी गुलाबी होती.

जाऊबाई पदर खोचून धावल्या. "आण तो गठ्ठा इकडे!"

"अहो, टेम्पोबरोबरच्या शिपायानंच दिला," तो म्हणाला. "मी कशाला वाचतोय?" पण हे म्हणताना त्यानं वर पाहिलं नाही. जाऊबाईंनी गिऱ्हाइकाच्या हातातली पुडीही काढून घेतली, स्क्रू त्याच्या ओंजळीत ओतले आणि हातगाडी मागवली.

नव्या कार्यालयात गुळगुळीत फरशी, नवाकोरा सोफा, त्यावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेल्या बायका. आम्ही पोती नेऊन बरोबर मधोमध ठेवली. साहेब केबिनमधून बाहेर आले.

"हे काय? फायलींची मुदत संपलीय. नियमाप्रमाणे निकाली काढल्यात आम्ही."

"यंत्रात घालून बारीक का नाही केल्या?" जाऊबाईंनी विचारलं.

"यंत्र बिघडलंय. आणि ताई, तुम्ही रद्दीच घेता ना? मग रद्दी म्हणून घ्या की. वाचायला कुणी सांगितलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तोंड उघडायच्या आत शिवणवाली पुढे झाली. अख्ख्या खोलीसमोर तिनं आपलं नाव सांगितलं, कधी आली होती ते सांगितलं आणि म्हणाली, "माझी फाइल मला द्या."

साहेबांनी मान हलवली. "अर्जदाराला फाइल देता येत नाही. नियमात बसत नाही."

"स्क्रू बांधायला देणं बसतं?" ती आणखी एक पाऊल पुढे आली. "दुकानदाराला देणं बसतं, रस्त्यानं जाणाऱ्याला बसतं, आणि मला नाही बसत?"

सोफ्यावरची एक बाई उठली आणि तिनं आपला भरलेला अर्ज फाडून पर्समध्ये टाकला. मग दुसरी उठली. साहेब "अहो, अहो" करत राहिले. कोपऱ्यातल्या टेबलावरची कारकून बाई मात्र उठून आली, पोत्याजवळ खाली बसली आणि शोधू लागली. फाइल सापडल्यावर तिनं ती दोन्ही हातांनी शिवणवालीला दिली.

बाकीच्या फायली आम्ही तिथेच फाडल्या. यंत्र बिघडलं असलं तरी हात होते. कर्मचारीही निमूटपणे खाली बसले. साहेबांनी दोन-चार कागद फाडले, मग त्यांना महत्त्वाचा फोन आला आणि ते गाडीत बसून निघून गेले. जाताना माफीचा एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी शिवणवाली गॅरेजमध्ये आली ती फाइल वाचून धुमसतच.

"हुंदके देत देत सगळं बोलले होते गं मी तिथं," ती म्हणाली. "आणि त्यांनी लिहिलंय काय, तर 'अर्जदारास समज देऊन घरी पाठवले.' समज मला दिली! मारत तो होता, आणि समज मला!"

जाऊबाईंनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. साहेबांच्या वरच्या कार्यालयाकडे तक्रार करायचं आमचं ठरलंच होतं, गल्लीच्या नावानं.

"गल्लीच्या नको," शिवणवाली म्हणाली. "माझ्या नावानं लिहा. पत्त्यासकट."

तक्रार गेली. उत्तर अजून आलेलं नाही. जाऊबाई दर आठवड्याला सल्ला कार्यालयात जातात आणि त्या नव्या सोफ्यावर ठाण मांडून बसतात. शिवणवाली शिवण घेऊन त्यांच्या शेजारी बसते, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते, "बोलण्याआधी विचार, लिहून काय घेणार आणि ठेवणार कुठं."