भाड्याच्या घरातला माग

मी एक हातमाग. पवनीत घरमालक भोजराजच्या घरातल्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. जन्म म्हणजे काय, तर जमिनीत खड्डा खणला, सागाचे खांब रोवले आणि कौशल्याबाई त्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसली. तिचा नवरा टिकाराम साड्या घेऊन बाजाराला जायचा. घर भाड्याचं, पण आम्हा तिघांना ते कधी परकं वाटलं नाही.

कोरोनानंतर पुण्याहून अश्विन आणि करुणा हे जोडपं आलं. त्यांना घरूनच काम करायची मुभा होती आणि पुण्याचं भाडं झेपत नव्हतं. आमच्याच घराच्या पुढच्या खोल्या पाहून करुणा आनंदानं म्हणाली, "अहो, इतकं स्वस्त?"

भोजराजनं ते नेमकं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात. "टिकारामभाऊ, आता भाडं दुप्पट. नाही तं खोली खाली करा."

कौशल्याबाईचा धोटा थांबला. "काहून जी? भिंतीले चुना तरी लावला का तुम्ही?"

"पुण्याचे लोक पूरंच घर मांगून राहिले. मी कायले सोडू?"

टिकारामनं सारं गाव पालथं घातलं. जिथे तिथे शहरातून परतलेली माणसं आणि चढलेली भाडी. शेवटी वेशीबाहेर एक खोली मिळाली, पण तिथली मालकीण मनकर्णाबाई म्हणाली, "टाईल्स खोदू देनार नाही, भाऊ."

खड्ड्यावाचून मी उभा कसा राहणार?

कौशल्याबाईनं अर्धी विणलेली साडी माझ्यावरच कापली. रडली नाही. कात्री भिंतीवर भिरकावली आणि म्हणाली, "विनता येते मले. तरी आता बिड्याच वळू का?"

आज ती बिड्याच वळते. माझा खड्डा सिमेंटनं बुजवला, त्यावर करुणाचं टेबल आलं. मी सुटा होऊन मागच्या भिंतीशी पडलोय. करुणावर रागावायला जातो, तर तीही पुण्याच्या भाड्यानं हाकललेलीच. मग रागावू कुणावर?

परवा भोजराज तिच्याही दारात आला. "मॅडम, नागपूरचे लोक जास्त देऊन राहिले."

"अहो, आम्ही आत्ताच तर आलोय!" करुणाचा आवाज चिरकला.

मला हसू नाही आलं, संताप आला. माणसांनो, एकमेकांना ढकलत कुठवर जाणार आहात? कौशल्याबाईला कुणीतरी मातीची जमीन द्या. मी अजून उभा राहू शकतो. पण घाई करा, माझ्या एका खांबाला वाळवी लागली आहे.