फ्रेंच पाहुण्याचे ‘जातो’

महायुद्धानंतर माणसाच्या जगण्याला काही अर्थ उरलेला नाही, हे फ्रान्सला १९५०च्या सुमारास कळले. शहापूरला ते २००१ साली, एका मंगळवारी साडेपाचला कळणार होते. पण वाचनालयाचा हॉल भजनी मंडळाने घेतलेला होता, म्हणून बुधवारी कळले.

कळवणारे प्रा. सतीश शेलार. फ्रेंच असंगत, म्हणजे ॲब्सर्ड, नाटके वाचण्यात त्यांची सोळा वर्षे गेली होती आणि तालुक्यात त्यावर बोलायला माणूस मिळाला नव्हता. मुरबाडची नाट्यवाचन स्पर्धा जिंकून ठाण्याच्या अंतिम फेरीत जायचे, एवढी एकच गोष्ट त्यांना अर्थपूर्ण वाटत होती. त्यांनी भाषांतर केलेल्या नाटकात एक पाहुणा अकरा वेळा ‘जातो’ म्हणतो आणि हलत नाही. बाराव्यांदा म्हणतो आणि खरंच जातो. संपले.

यजमानीण झेडपीच्या शाळेतल्या रत्नप्रभाबाई, पाहुणा शेणवे गावचा पोस्टमन कुंडलिक. तो पहिल्याच तालमीत अडला.

"सर, ‘येतो’ बोलू का? घरातून निघताना ‘जातो’ नाय बोलत आमी."

"अरे, तो फ्रेंच आहे!"

"मग फ्रेंचाला आय नसंल का?"

"‘येतो’ म्हटलंस तर नाटकाचा अर्थच जातो."

"पण सर," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "अर्थ नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?"

सरांनी कुंडलिकला ‘जातो’च म्हणायची शपथ घातली.

मुरबाडला कुंडलिकची आई येसूबाई नेमकी पहिल्या रांगेत येऊन बसली. कुंडलिकने वहीतला ‘जातो’ पाहिला, आईकडे पाहिले आणि बाराही वेळा ‘येतो’ म्हणाला. बाराव्यांदा उठून बाहेर गेला.

आता येईल म्हणून लोक बसून राहिले. परीक्षकसुद्धा. टाळी कुणी वाजवेना. रत्नप्रभाबाईही दाराकडे बघत राहिल्या. त्यांनाही खात्रीने सांगता येईना.

"लघवीला गेला असंल, थांबा जरा," मागून कुणी समजूत घातली.

सरांच्या अंगावर काटा आला. इतकी शुद्ध असंगतता त्यांनी पुस्तकातही वाचली नव्हती. पडदा पाडायला निघालेल्या माणसाचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला.

शेवटी येसूबाईच उठून दारात गेली. "कुंडलिका, ये रे! लोकं कवाची बसलीत!"

तो आला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

वाचनाला वीस मिनिटांची मर्यादा होती. यांची एकोणतीस झाली. प्रवेशिका बाद.