गुंतवळ

पुलाखाली राहणारी ती पोरगी निवाऱ्यात आली ती स्वतःसाठी नव्हे, धाकट्या भावासाठी. तो तापाने फणफणला होता. निवारा चालवणाऱ्या ताई रोज पुलाखाली फेरी मारत. एरवी त्यांना पाहताच ती धूम ठोकायची. त्या दिवशी मात्र भावाला कडेवर घेऊन मुकाट त्यांच्या मागे चालत आली. दारातच म्हणाली, "ह्याला बरं वाटलं की आम्ही जाणार."

"जा की," ताई म्हणाल्या. "आधी हातपाय धुवा, जेवा."

औषधाने भाऊ खडखडीत बरा झाला आणि घरभर हुंदडू लागला. ती मात्र दाराजवळच्या बाकावर चपला घालूनच बसायची. अंघोळ केली, कपडे बदलले, पण डोक्याला कुणी हात लावायचा नाही. केसांचा पार गठ्ठा झाला होता, उवांनी डोकं खाऊन टाकलं होतं. मुलांनी तिचं नाव 'गुंतवळ' ठेवलं. फणी घेऊन जवळ गेलेल्या स्वयंपाकाच्या मावशींना तर ती करकचून चावली.

सोमवारी दुकान बंद असायचं, म्हणून सलूनवाले काका सकाळीच येऊन निवाऱ्यातल्या मुलांचे केस कापून देत. काका अंगाने काडीपैलवान, पण मिशी झुपकेदार. "बायकोने होकार मला नाही, मिशीला दिला," असं ते सांगत.

मावशींनी हातावरचे दातांचे वण दाखवले तेव्हा काकांनी नुसतं "हं" केलं. गुंतवळला त्यांनी बोलावलंच नाही. सगळ्या मुलांचं आटोपल्यावर ते स्वतःच खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि कात्री तिच्यापुढे धरली.

"आता माझे कोण कापणार? ये."

"मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं. पहिल्या गिऱ्हाइकाने मला दुकानभर पळवलं होतं."

ती हसली नाही, पण उठली. जरा वेळ कात्रीची नुसती उघडझाप करत राहिली. मग मागून थोडे केस कापले. काका डोळे मिटून स्वस्थ. तिची भीड चेपली. ती पुढे आली आणि एका झटक्यात डावी मिशी उडवली.

काकांनी आरशात पाहिलं, रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"उजवीने काय पाप केलंय?" ते म्हणाले. "तीही घे."

तिने तीही घेतली. मग हळूच विचारलं, "राग नाही आला?"

"आला. गिळला."

ती कात्रीकडे बघत म्हणाली, "पुलाखाली माझे केस धरतात. केस धरले की पळता येत नाही."

काकांनी तिच्या हातून कात्री घेतली. मग म्हणाले, "बारीक कापले तर कुणाच्या मुठीत येणार नाहीत."

"दुखलं तर?"

"'थांब' म्हण. मी थांबेन."

ती खुर्चीत बसली. कात्री टेकायच्या आतच म्हणाली, "थांब." काका थांबले. पुन्हा सुरुवात, पुन्हा "थांब." काका पुन्हा थांबले, कात्री बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघत उभे राहिले. असं कितीदा तरी झालं. मग ती म्हणायची बंद झाली. शेवटचा गठ्ठा खाली पडला तेव्हा तिने दोन्ही हातांनी आपलं डोकं चाचपलं आणि म्हणाली, "किती हलकं."

घरी काकांच्या बायकोने दार उघडून विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" आणि हसू आवरेना म्हणून दाराला धरून उभी राहिली.

निवाऱ्यात ताईंनी विचारलं, "भाऊ बरा झालाय. निघायचं म्हणत होतीस ना?"

"त्याला अजून खोकला आहे," ती म्हणाली. भाऊ समोरच आरडाओरडा करत पळत होता.

"मग खोकला जाईपर्यंत राहा."

तो खोकला काही गेलाच नाही. चपला पलंगाखाली गेल्या, पुढे दोघंही शाळेत जाऊ लागली. आता तिला कुणी गुंतवळ म्हणत नाही. केस खांद्याखाली आले, तरी ती कापा म्हणेना.

एका सोमवारी ती काकांच्या खुर्चीत येऊन बसली. "दोन वेण्या घाला."

"वेणीच्या बाबतीत मी ढ आहे," काका म्हणाले. मग मावशी शेजारी उभ्या राहून एकेक पेड कसा घ्यायचा ते दाखवत गेल्या, काका घाम पुसत शिकत गेले. एक वेणी घट्ट झाली, दुसरी ढिली.

तिने आरशात मान वळवून वळवून पाहिलं. "ही वाकडी आहे."

"परत घालू?"

"राहू दे. शाळेला उशीर होईल," ती म्हणाली, आणि दप्तर पाठीला लावून भावाला हाक मारत बाहेर पडली.