ताज्या गुलाबाच्या शेजारी

सत्राच्या तिसऱ्या आठवड्यातील सोमवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, महाविद्यालयाच्या पहिल्या मजल्यावरील इंग्रजीच्या वर्गात मी आयुष्यात प्रथमच जिंकलो.

मित्रांनो, मी एक जुना रेशमी गुलाब आहे. टोप्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एका आत्याबाईंनी मला घडवले. त्यांनी रेशमाला खळ लावली, पाकळ्या कातरल्या, तापलेल्या लोखंडी गोळीने एकेकीला बाक दिला आणि तारेच्या देठावर शिवून मला आपल्या भाच्याच्या हाती ठेवले. "हा कधी कोमेजायचा नाही," त्या म्हणाल्या. तो भाचा पुढे प्राध्यापक झाला आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कविता शिकवू लागला.

दरवर्षी त्या कवितांचा आरंभ करताना सर मला मेजावर ठेवत, शेजारी एक ताजा गुलाब ठेवत आणि विचारत, "यांतला सुंदर कोणता?" सगळे हात त्याच्याकडे वळत. गुरुवारी त्याच्या कडा काळवंडलेल्या असत, मान लवलेली असे. सर पुन्हा विचारत आणि हात पुन्हा त्याच्याकडेच.

"ते कवी याच्याशीच झगडले," सर सांगत. "त्यांतले काही तर तिशीच्या आतच गेले. जे जाणार तेच सुंदर का वाटतं, आणि जे सुंदर वाटतं ते खरं मानावं का, हा त्यांचा प्रश्न."

मला पोट नाही, तरी ते दुखे. अठ्ठावीस वर्षे मी रंग राखला. हा चार दिवसांचा पाहुणा मात्र मरण्याचीही वाहवा घेऊन जाई. मरणे हा गुण कसा ठरतो, हे कोणी तरी मला सिद्ध करून दाखवावे.

त्या सोमवारी नवे शिपाईमामा आले होते. ताज्या गुलाबावर पाणी शिंपडताना त्यांची नजर माझ्याकडे गेली. "तू काय सावत्र आहेस? घे," असे म्हणून त्यांनी मलाही भिजवले. थेंबांनी मी असा झळकलो की सरांनी विचारताच जवळजवळ सगळे हात माझ्याकडे वळले. शेजाऱ्याची मला कीव आली. नाही, खोटे कशाला बोलू? आनंदच झाला.

इतक्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने मला हुंगले.

"सर, याला ओल्या टॉवेलचा वास येतोय."

"म्हणजे आम्ही सगळे येडे?" मागून एकाने विचारले.

"सगळे नाही. मी हात वर केला नव्हता."

वर्ग हसला. हात निमूटपणे पलीकडे गेले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल, तर मऊ ब्रशाने त्याची धूळ झाडा, उन्हापासून त्याला जपा, पण पाणी मुळीच लावू नका. माझी खळ सुटली. गुरुवारपर्यंत पाकळ्या लोंबल्या, तांबडा रंग ओघळून डाग पडले. शेजारी तोही सुकला होता. मला आशा वाटली. आता मीही जाणाराच होतो. मग माझ्यात उणे ते काय राहिले?

सरांनी मला उचलले, तेव्हा आत्याबाईंची शिवण त्यांच्या बोटांत उसवली. सुटलेला धागा त्यांनी हलकेच आत दडपला. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला.

त्या मुलीने आम्हा दोघांना बराच वेळ निरखले.

"हा आता खरा वाटतोय, सर," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. "पण सुंदर तोच."