पाचवीचा बल्ब

सोमलिंगला मोटारीचा भारी तोरा. अक्कलकोट-सोलापूर सर्व्हिस मोटार चालवायचा आणि मुक्कामाला ती गावातल्या आपल्याच दारात उभी करायचा. बायको मल्लव्वाला मुलगी झाली, तेव्हापासून तर त्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

पाचवीचा दिवस आला. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून बाळंतिणीच्या खोलीतला दिवा विझू द्यायचा नसतो. सोमलिंगच्या आईनं, शिवबाईनं, समईत तेल घातलंही होतं. पण या शहाण्याला धूर नको होता. त्यानं मोटारीची बॅटरी काढून आत आणली, पुढच्या दिव्याचा बल्ब तिला जोडला.

"समई पुरं की रं," शिवबाई म्हणाली.

"आई, माज्या लेकीचं नशीब इजेच्या उजेडात लिवू दे."

बल्ब रात्रभर जळला. पहाटे पिवळा पडला. आणि उजाडता उजाडता मल्लव्वाला हुडहुडी भरली, ताप चढला, ती डोळे फिरवू लागली. सोलापूरचा दवाखाना गाठायलाच हवा होता. सोमलिंगनं धावत जाऊन बॅटरी मोटारीत बसवली, बटण दाबलं. मोटार हूं की चूं करीना. हँडल मारून मारून तळहाताची सालटी निघाली, पण ठिणगीच पडेना. शेवटी शेजाऱ्याची बैलगाडी जुंपली. सोलापूरच्या वाटेवर, वळसंग गावाच्या अलीकडेच मल्लव्वाचा हात त्याच्या हातात गार पडला.

आठवड्यानं तो बॅटरी घेऊन सोलापुरात सात रस्ता चौकात तिप्पण्णाच्या दुकानात आला. तिप्पण्णा बॅटऱ्या भरून द्यायचा.

"काय केलंत हिचं?"

"रातभर बल्ब लावला हुता."

"ड्रायव्हर तुमी, आन् येवढं ठावं न्हाय? हिच्यात पातळ पत्रे लई. एका दमात जोर लावून मोटार उठवायची आन् लगेच चालत्या मोटारीच्या डायनामोकडनं भरून घ्यायचं, इतकंच हिचं काम. रातभर थोडं थोडं देणारी येगळी असती, जाड पत्र्यांची. रेल्वेच्या डब्यात दिव्याला असती तसली."

सोमलिंगनं बॅटरी त्याच्याकडे सरकवली. इतकी वर्षं मोटार हाकली, आणि बटण दाबण्यापलीकडे काही विचारलं नाही. आपणच मल्लव्वाला मारलं, असं त्याला वाटलं.

"बघतो भरून," तिप्पण्णा म्हणाला. "दोन दिस लागतील. घाई हाय का?"

"न्हाय," सोमलिंग म्हणाला. "जिला न्यायचं हुतं, ती गेली."