दहाव्या चालीची वाकडी टीप

"सर, त्या काळ्या राजाच्या जागी तुम्ही असता, तर कितव्या चालीला मेला असता?"

तोंड माझं होतं, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, शेफाली आणि स्नेहलचा. अम्रीन मुलाणीनं हे कोंढाळकर सरांना विचारून दाखवलं, तर आठवडाभर तिचं दप्तर आम्ही उचलू, अशी दोघींची पैज. मागच्या वर्षीची अम्रीन असती तर बाकाखालीच शिरली असती. पण जूनपासून माझ्यात काहीतरी झालंय. उंची दोन इंच वाढली आणि आवाज चार. आता नववीच्या अख्ख्या वर्गात माझ्याशिवाय कुणाचं ऐकूच येत नाही, असं मुख्याध्यापिकांनी अम्मीला बोलावून सांगितलंय. त्या तक्रार करत होत्या. मला ते कौतुकच वाटलं.

शनिवारचा बुद्धिबळाचा तास होता. भिंतीला टांगलेल्या लोखंडी पटावर सर चुंबकाचे मोहरे सरकवत होते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा लंडनमधला डाव. सगळ्या जगात गाजलेला, कारण पांढऱ्यानं अकराव्या चालीला चक्क वजीर फेकला. काळा राजा किल्लेकोट करून, हत्तीला शेजारी ओढून, कोपऱ्याजवळ सुखानं बसला होता. पांढऱ्याचा वजीर त्याच्या दारातलं प्यादं खाऊन समोर उभा. राजानं वजीर खाल्ला, आणि तिथून त्याची वरात निघाली. घोड्याचा शह, दुसऱ्या घोड्याचा शह, प्याद्याचा शह, अजून एका प्याद्याचा. बिचारा सात पावलं चालत पटाच्या या टोकाकडून त्या टोकाला, थेट पांढऱ्याच्या घरात पोचला. शेवटी पांढऱ्या राजानं वाट सोडल्यासारखं तिरकं एक पाऊल टाकलं, मागून हत्तीचा शह बसला आणि मात!

माझ्या प्रश्नावर वर्गात हशा फुटला. सर मात्र हसले नाहीत.

"मी? मी मेलोच नसतो."

"कसं काय, सर?"

सर पटाकडे वळले. राजा उचलला, ठेवला. परत उचलला. चुंबक टक टक वाजत राहिलं आणि घंटा झाली.

"अम्रीन," सर चष्मा पुसत म्हणाले, "सोमवारी तू काळ्याला वाचवून दाखव. दाखवलंस तर पुण्याच्या जिल्हा स्पर्धेत शाळेच्या संघात चौथ्या पटावर तू. नाहीतर मानसिंग."

आमच्या वर्गातल्या मानसिंगनं मला आजवर दोनदा हरवलंय. दोन्ही वेळा जांभया देत.

आता आमच्या दुकानाबद्दल. भोरच्या एसटी स्टँडजवळ माझे अब्बा गाड्यांच्या सीटा शिवतात. रिक्षा, टेम्पो, राजगडाच्या ट्रेकरांना पायथ्याच्या गुंजवण्याला नेणाऱ्या जीपा, सगळ्यांच्या. अम्मी दुसऱ्या मशीनवर सीटांच्या कडांना पायपिंग लावते. आणि मधल्या स्टुलावर रेक्झिनच्या तुकड्यावर खडूनं आखलेला पट असतो. मी तिथंच शिकले. दोन हत्ती हरवलेत, त्यांच्या जागी बॉबिन. काळा राजा म्हणजे एका जुन्या टेम्पोच्या गिअरची मूठ. ती पटावर ठेवली की शेजारची दोन घरं दिसतच नाहीत.

दुकानाचे कायदे वेगळे. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर. किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला अख्ख्या डावात एकदा घोड्याची उडी, तीही शह बसायच्या आधी. आणि हरला त्यानं डाव उसवायचा. म्हणजे शेवटच्या चालीपासून एकेक चाल मागं घेत जायचं, वाकडी टीप, म्हणजे चुकलेली चाल, सापडेपर्यंत. ती सापडल्याशिवाय दुसरा डाव लागत नाही. अब्बा सीटाही तशाच दुरुस्त करतात. वरून ठिगळ मारलेलं त्यांना चालत नाही.

रविवारी मी त्यांच्यापुढे आधी स्पर्धेचा फॉर्म ठेवला. दोन्ही पालकांच्या सह्या हव्या होत्या.

"तिथं राजाला उडी आहे?" अब्बांनी विचारलं.

"नाही अब्बा. शाळेचे कायदे."

"मग सही नाही. अडलेल्या राजाला एक उडी देत नाहीत, त्या लोकांत माझी मुलगी जाणार नाही."

"लई बराबर बोल्लात, जलालभाई," गेनबा आजोबा म्हणाले. ते पासली गावचे. जीपची सीट शिवायला टाकून गेल्या महिन्यापासून रोज बघायला येतात. सीट केव्हाच झालीय. डाव झालेला नाही.

मी फॉर्म बाजूला ठेवला आणि लंडनचा डाव मधूनच, किल्लेकोटाच्या आधीच्या चालीपासून मांडला. किल्लेकोटापाशीच पहिला दंगा झाला.

"एका चालीत दोघं हलले?" अब्बा म्हणाले. "राजा पण आणि हत्ती पण?"

"चालतं तिथं."

"चालतं! मग तिथं राजा त्याच चालीत दळण पण घेऊन येत असेल."

वजीर फेकला तेव्हा गेनबा आजोबांनी तंबाखू मळायची थांबवली. "आरं, येडं हाय का ह्ये? वजीर दिला?"

मग गिअरची मूठ निघाली. एक घर, दोन घरं, तीन. आजोबा प्रत्येक शहाला "आरारारा" म्हणत होते. चौथ्या पावलाला पांढऱ्याचं कडेचं प्यादं मी दोन घरं पुढं सरकवलं आणि अब्बांनी माझं मनगटच धरलं.

"मागं घे. एकच घर."

"अब्बा, तिथं पहिल्यांदा दोन घरं—"

"एक घर! आणि एका घरावरून राजाला शह बसतो का? बघ. नाही बसत! राजा वाचला, गेनबा!"

"वाचला की वो!" गेनबा आजोबांनी मांडीवर थाप मारली. "शंबर वर्सं बिचाऱ्याला उगंच मारत्यात!"

दोघांनी हात मिळवले. चहा सांगितला. चहावाल्यालासुद्धा सांगितलं की लंडनच्या राजाची आज भोरात सुटका झाली. एक क्षण मलापण वाटलं, हेच सांगावं सोमवारी. मग डोळ्यांसमोर मानसिंग जांभई देताना दिसला.

"असं नाही चालणार," मी ओरडले. माझा चार इंच वाढलेला आवाज. स्टँडवरचा कंट्रोलर खिडकीतून बघायला लागला. "त्यांच्या कायद्यात तो मेलाय. मला त्यांच्याच कायद्यात वाचवायचाय. नाहीतर मानसिंग जाईल पुण्याला!"

अब्बांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मेलाय ना? मग उसव."

मी उसवायला लागले. राजा एक पाऊल मागं.

"इथं दुसरीकडं जाता आलं असतं?" अब्बा विचारायचे.

"नाही."

"मागं."

अजून एक. अजून एक. कुठंच दुसरी वाट नाही. एका ठिकाणी कोपऱ्यात जाता येत होतं, पण तिथं दुसरा घोडा लगेच मात देत होता. शेवटी राजा परत घरी आला. समोर फेकलेला वजीर, आणि तो खाण्यावाचून इलाज नाही.

"म्हंजी वाट न्हाईच," गेनबा आजोबा हळूच म्हणाले. "आमीच उगं नाचलो."

"अजून मागं," अब्बा म्हणाले. "फाटलेलं जिथं दिसतं, तिथं कधी फाटलेलं नसतं."

एक चाल मागं. काळ्याची दहावी चाल. इथं त्यानं आपला वजीर एक घर पुढं घेतला होता. मी तोही मागं घेतला आणि बघत बसले. राजाला पळवणारं कोण होतं? दोन घोडे. कोपऱ्यात मात देणारं कोण? त्यातलाच एक, तो पटाच्या मधोमध येऊन बसलेला. आणि त्याच्यावर काळ्याचा उंट टपून होता! गिअरच्या मुठीआड तो उंट अर्धा झाकला गेला होता. मी मूठ जराशी सरकवली.

"वजीर हलवलाच कशाला त्यानं? घोडा खायचा ना उंटानं!"

आम्ही खाल्ला. मग पांढऱ्यानं वजीर फेकून पाहिला. राजानं तो खाल्ला आणि घोड्याचा शह बसताच कोपऱ्यात गेला. आता तिथं मात द्यायला दुसरा घोडाच नव्हता. वजीर फुकट गेला!

"आँ," गेनबा आजोबा म्हणाले.

अम्मीनं मशीन थांबवली नाही. मानही वर केली नाही. "तासभर दोघं जण राजाला पळवत बसलात. दारात बसलेला घोडा काय पाहुणा होता का?"

सोमवारी मी लोखंडी पटावर सगळं उसवून दाखवलं. शेवटाकडून सुरुवातीकडं, सरांसारखं सुरुवातीपासून नाही. दहाव्या चालीशी पोचले तेव्हा मानसिंगसुद्धा जांभई अर्धी सोडून पुढं वाकला होता. सरांनी काळा वजीर उचलून पाहिला आणि परत ठेवला.

"अम्रीन, शनिवारी तू काय विचारलं होतंस?"

"सर, कितव्या चालीला मेला असता..."

"दहाव्या," सर म्हणाले. "मीपण वजीरच हलवला असता." आणि त्यांनी यादीत चौथ्या पटासमोर माझं नाव लिहिलं. शेफालीनं आणि स्नेहलनं माझं दप्तर दुकानापर्यंत आणलं, एकेक पट्टा धरून. मी रिकाम्या हातांनी पुढं चालले. असं चालायला फार मजा येते.

दुकानात अब्बा रिक्षाच्या सीटखाली डोकं घालून होते.

"काय म्हणाले सर?" आतून आवाज आला.

"दहाव्या चालीला मेले."

डोकं बाहेर आलं. अब्बा हसले, खूप हसले. गेनबा आजोबांना फोन लावायला निघाले. मग त्यांना फॉर्म आठवला असावा, कारण चेहरा गंभीर करून ते म्हणाले, "पण राजाला उडी नाहीच ना तिथं?"

अम्मीनं मशीन थांबवली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

मी फॉर्म रेक्झिनच्या पटावर ठेवला, मधोमध, घोडा बसला होता त्याच घरावर. खडू लागू नये म्हणून खाली कोरा फोमचा तुकडा घातला. आणि दोघांनाही नीट ऐकू जाईल, स्टँडवर कंट्रोलरलाही जाईल, अशा आवाजात सांगून टाकलं:

"अब्बा, अम्मी, मी ठरवलंय. मी पुण्याला जाणार, आणि त्यांच्याच कायद्यानं खेळणार. तिथं राजाला उडी नाही, हे खरंय. त्याच्या वाटणीची उडी मी मारणार आहे. हरले तर इथं बसून उसवीन, पण जाणार. शुक्रवारी सकाळी सातची गाडी आहे. दोघांच्या सह्या लागतील. अम्मी, आधी तू कर."